डिस्चार्जचा कागद

“डिस्चार्ज आहे, म्हणून तर डिस्चार्ज देता येत नाही,” डॉक्टर म्हणाले आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले.

आप्पांना, माझ्या वडिलांना, काही कळलं नाही. ते माझ्याकडं बघायला लागले. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. इंग्रजीत बासष्ट मार्क, म्हणजे आमच्या गल्लीत इंग्रजीचा निवाडा मीच करायची. पण हे कोडं मलाही सुटेना. शेवटी नर्सबाईंनी आप्पांच्या डाव्या पायावरची पट्टी अलगद उचलून दाखवली. कापसावर पिवळट ओल होती.

“हा एक डिस्चार्ज. पू. हा थांबला की दुसरा डिस्चार्ज, घरी जायचा.”

“म्हंजे एकीनं घर सोडल्याबिगार दुसरी उंबऱ्यात येत न्हाई,” आप्पा म्हणाले. “सवतीच की ह्या!”

सगळा वॉर्ड हसला. बेड नंबर अकरावरचे आप्पा, आनंदा मिसाळ, म्हणजे त्या वॉर्डाची करमणूक होती. जून महिन्यात फौंड्रीत भट्टीसमोर काम करताना वितळलेल्या लोखंडाची बादली कलंडली आणि गुडघ्याखालचा पाय भाजून निघाला. दोन महिने झाले तरी जखम भरत नव्हती. तरी माणूस हसत होता. फौंड्रीत सतरा वर्षं काढली होती त्यांनी. पाय बरा झाला की परत भट्टीवर उभं राहायचं, एवढाच त्यांचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी, बारा ऑगस्टला, दुपारी चारच्या सुमाराला फौंड्रीचे लेबर ऑफिसर आले. दिनकरराव इंगवले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात मोसंब्यांची पिशवी. साहेब स्वतः आले म्हटल्यावर आप्पा उठून बसायची धडपड करायला लागले.

“राहू द्या, राहू द्या. काय मिसाळ, कंटाळलात की नाही?”

“कंटाळलो की साहेब. घरचं तोंड बघून दोन म्हैने झालं.”

“मग घरी जायचं बघू या. डिस्चार्जचा कागद आणलाय. सही करा, उद्या मोकळे.”

“डाक्टर तर न्हाई म्हणालेत.”

“डॉक्टरांचं मी बघतो. तुम्ही कंपनीची माणसं, तुमचं सगळं कंपनीच करणार ना?”

आप्पांनी कागद घेतला, उलटसुलट बघितला आणि माझ्या हातात दिला. “बघ गं लीले, काय म्हणतोय.”

एक पान भरून टाईप केलेलं इंग्रजी होतं. लांबच लांब वाक्यं, एकाच्या पोटात दुसरं. आप्पांचं नाव दिसलं. तारीख दिसली. मी ओळखीचा शब्द शोधत खाली उतरत गेले आणि पानाच्या मध्यावर तो सापडला. डिस्चार्ज. आणखी चार ओळी खाली पुन्हा तोच. बाकीच्या मजकुराचं मला काही उमगलं नव्हतं. पण इंगवले साहेब माझ्याकडं कौतुकानं बघत होते आणि त्यांच्यासमोर ‘मला समजत नाही’ म्हणायची मला लाज वाटली.

“डिस्चार्जच आहे आप्पा,” मी म्हणाले.

“हुशार आहे पोरगी. पुढं शिकवा तिला,” साहेब म्हणाले आणि खिशातलं पेन काढून त्यांनी टोपण उघडून आप्पांच्या हातात दिलं.

आप्पांनी जिभेचं टोक दातात धरून, एकेक अक्षर कोरत सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर वॉर्डात आले ते तापूनच. “कुणी सांगितलं तुम्हाला घरी जायला? जखम ओली आहे!” पण कंपनीनं कळवलं होतं की हा माणूस आता आमचा नाही, त्याच्या उपचाराचं आम्हाला काही सांगू नका. आम्ही आप्पांना टांग्यात घालून घरी आणलं. महिन्याभरानं ते काठी टेकत फौंड्रीच्या फाटकावर गेले, तर वॉचमननं त्यांना आत सोडलं नाही. तो म्हणाला, “आनंदा, तुझं नाव कमी झालंय. तूच लिहून दिलंस म्हणत्यात.”

घरी आल्यावर आप्पांनी सगळं सांगितलं. आई चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर न करता एवढंच विचारलं, “वाचलं कुणी त्ये?”

 तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पण तो प्रश्न त्या घरात भाकरीच्या धुरासारखा राहिला. डोळ्यांत जायचा.

कंपनीकडून मागून आणलेली त्या कागदाची नक्कल घेऊन मी बोरगावे सरांकडं गेले. बाजारपेठेत माडीवर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. आठ मशिनं, एक गळकं छप्पर आणि स्वतंत्र स्टुलावर ठेवलेली एक जाडजूड डिक्शनरी. सरांनी चष्मा कपाळावर सारून कागद वाचला. परत वाचला. मग माझ्याकडं बघितलं.

“हा दवाखान्याचा कागद नाही, पोरी. इथं लिहिलंय की मी स्वखुशीनं नोकरी सोडतोय, आणि माझ्या सगळ्या हक्कांचा फुल अँड फायनल डिस्चार्ज देतोय. म्हणजे कंपनीकडं माझं काही मागणं उरलं नाही.”

“पण सर, शब्द तर तोच आहे!”

“शब्द तोच. म्हणून तर निवडला.” त्यांनी डिक्शनरी उघडून माझ्यासमोर सरकवली. “वाच. मोठ्यानं.”

मी वाचायला लागले आणि ते सांगत गेले. जहाजावरचा माल उतरवणं, तो डिस्चार्ज. बंदुकीतली गोळी सुटणं, तोही डिस्चार्ज. जखमेतला पू. दवाखान्यातून सुटका. कैद्याची सुटका. कर्तव्य बजावणं. हक्क सोडून देणं. आणि माणसाला नोकरीवरून काढणं. एका शब्दाला पाऊण पान लागलं होतं.

“इतके अर्थ कसे झाले?”

“मूळ एकच आहे.” सरांना शब्दांचा नाद होता. रागातसुद्धा त्यांचा तो नाद सुटायचा नाही. “हा फ्रेंचांकडून आला. त्याच्या मागं लॅटिन. त्यात ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी. त्यावरून चार्ज, म्हणजे गाडीवर ओझं लादणं. डिस म्हणजे काढून टाकणं. डिस्चार्ज, गाडीवरचा बोजा उतरवणं. बाकी सगळे अर्थ त्या एका बैलगाडीच्या मागनं चालत आलेत.”

मी डिक्शनरीतल्या त्या शब्दावर बोट ठेवलं.

“तुझ्या बापाला त्यांनी गाडीवरनं उतरवलाय,” सर म्हणाले. “ओझं हलकं केलंय.”

त्या दिवसापासून मी त्यांच्या क्लासला जायला लागले. टायपिंग शिकले, मग शॉर्टहँड. आणि रोज डिक्शनरीचं एक पान. सर म्हणायचे, “नुसता शब्द बघू नको. त्याच्या आजूबाजूला कोण बसलंय ते बघ. शब्द त्याच्या संगतीवरनं ओळखावा.” मी मान हलवायची. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत असायचं. ज्या भाषेनं माझ्या तोंडून माझ्या बापाला फसवलं, ती भाषा मला इंगवल्यांपेक्षा जास्त यायला पाहिजे.

दरम्यान आम्ही दाभोळे वकिलांना भेटून आलो होतो. कामगारांच्या बाजूनं लढणारा माणूस, पण त्यांनीही हात झटकले. “सही आहे ना? मग कोर्ट म्हणणार, न वाचता का केली? आणि तुम्ही म्हणणार, पोरीनं कागद वाचून दाखवला. मॅट्रिक पास पोरीनं. संपलं!” ते चांगले होते, म्हणून मग म्हणाले, “एकट्याचं भांडण आहे हे, बाई. असे चार निघाले तर माझ्याकडं या.”

माझं लग्न झालं. नवरा पाटबंधारे खात्यात कारकून, सरळ माणूस. मी लीलावती खाडे झाले. आणि बहात्तर साली फौंड्रीच्या ऑफिसात इंग्रजी टायपिस्टची जागा निघाल्याचं पेपरात वाचलं.

“त्याच विहिरीत उडी कशाला?” नवरा म्हणाला.

“पाणी किती आहे ते बघते.”



मुलाखत इंगवल्यांनीच घेतली. आता त्यांचे केस कानाशी पिकले होते. मला वाटत होतं, ते मला ओळखतील आणि सगळं तिथंच संपेल.  त्यांनी एक पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं, टाईप करून दिलं. एकही चूक नव्हती. त्यांनी कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाले, “सोमवारपासून या.”

चार वर्षांपूर्वी ज्या पोरीचं त्यांनी कौतुक केलं होतं, तिच्याकडं त्यांनी धड बघितलंही नाही.

तीन वर्षं मी त्या माणसाच्या दाराबाहेर बसले. त्यांची पत्रं टाईप केली, चुकलेली स्पेलिंगं न सांगता सुधारली, विसरलेला चष्मा शोधून दिला. त्यांच्या प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असायचं, ‘माझी कर्तव्ये बजावताना’. इंग्रजीत त्यालाही डिस्चार्जच म्हणतात. दिवसातून चार-पाच वेळा तो शब्द माझ्या बोटांखालून जायचा. मी नेटानं दाबायची. मशीनची अक्षरं कागदाच्या मागच्या बाजूला उमटायची.

हळूहळू साहेबांचा माझ्यावर इतका विश्वास बसला की कपाटाची किल्ली माझ्याकडं आली. आणि कपाटात खालच्या कप्प्यात ती फाईल मिळाली. आप्पांच्या कागदासकट तसलेच बारा कागद. बाराही जणांचा मजकूर कॉमा-फुलस्टॉपासकट एकच, फक्त नावं आणि तारखा वेगळ्या. कुणाचे डोळे गेलेले, कुणाचा हात. मी तारखा उतरवून घेतल्या आणि दवाखान्यातल्या त्या नर्सबाईंना जाऊन भेटले. त्यांनी जुनी रजिस्टरं काढून दाखवली. बाराही माणसं सहीच्या दिवशी खाटेवर होती.

यादी घेऊन मी दाभोळे वकिलांच्या दारात उभी राहिले.

“चार म्हणाला होता. बारा आणलेत.”

त्यांनी यादी वाचली. मग दार लावून घेतलं.

दाभोळ्यांच्या सांगण्यावरनं कामगारांच्या युनियननं तक्रार केली. सरकारी कामगार कार्यालयाचं पत्र फौंड्रीत आलं की या बारा माणसांनी राजीनामे कसे दिले, याचा लेखी खुलासा करावा. इंगवल्यांनी मला आत बोलावून उत्तर सांगितलं. सगळ्यांनी स्वखुशीनं, मजकूर समजून घेऊन, कोणत्याही दबावाशिवाय. मी एकेक शब्द लिहून घेतला.

“आजच जाऊ दे हे,” ते म्हणाले. “मला लवकर निघायचंय. खासबागेत कुस्ती आहे.”

ते कुस्तीचे वेडे होते. मोठी जोड लागली असली की दुपारपासूनच त्यांचा जीव ऑफिसात नसायचा. मी बाहेर आले, मशिनीत कागद चढवला आणि ते उत्तर टाईप केलं. मग दुसरा कागद चढवला आणि आणखी एक उत्तर टाईप केलं. जावक क्रमांक तोच, तारीख तीच, पहिला परिच्छेद तोच.

सव्वातीनला सहीचा गठ्ठा आत नेला. सत्तावीस कागद होते. बाहेर जीप सुरू होऊन उभी होती. साहेब उभ्याउभ्याच सह्या करायला लागले. मी पानं उलटत होते. एक हात पानावर, दुसरा ब्लॉटिंगवर. एकोणिसावं पान माझ्या उत्तराचं होतं. त्यांचं पेन खाली आलं, तीन वळणं घेतली आणि उचललं गेलं.

“झालं?”

“अजून आठ, साहेब.”

ते निघून गेल्यावर मी त्यांनी सांगितलेलं उत्तर फाडलं आणि माझं पाकिटात घातलं. त्यांनी सांगितलेल्याची कार्बन कॉपी फाईलला लावली. ऑफिसात कुणी फाईल काढली असती तरी सगळं जागच्या जागी दिसलं असतं.

त्यानंतर प्रकरण लेबर कोर्टात उभं राहायला चौदा महिने लागले. चौदा महिने मी रोज सकाळी ‘नमस्कार साहेब’ म्हणत होते. ते मला म्हणायचे, “खाडेबाई, तुम्ही नसता तर माझं काही खरं नव्हतं.” मी हसायची. मला खोटं हसावं लागत नव्हतं.

साक्षीच्या दिवशी फायली धरायला म्हणून साहेबांनी मलाच बरोबर नेलं. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. पलीकडे बारापैकी आठ जण बसले होते. तिघे तोवर वारले होते. आप्पा आले नाहीत. पाय सुजला होता, बाहेर निघवत नव्हतं. निघताना ते मला म्हणाले होते, “तू हाईस न्हवं तितं? मग मी हाय.”

इंगवल्यांनी पिंजऱ्यात उभं राहून झोकात साक्ष दिली. माणसं स्वखुशीनं गेली. मजकूर त्यांना समजावला. सह्या त्यांच्याच. न्यायाधीश लिहून घेत होते. मग दाभोळे उठले. सावकाश, जणू चहाला निघाल्यासारखे.

“साहेब, सही हा तुमच्या मते पुरावा आहे?”

“अर्थातच. माणूस सही करतो म्हणजे खालचा-वरचा मजकूर त्याला मान्य असतो.”

“वाचला नसला तरी?”

“ती त्याची जबाबदारी.”

“मग ही सही कुणाची?” त्यांनी एक कागद पुढं केला.

इंगवल्यांनी बघितलं. “माझी.”

“लेटरहेड?”

“कंपनीचं.”

“तिसरा परिच्छेद मराठीत सांगाल का कोर्टाला?”

इंगवले वाचायला लागले आणि थांबले. त्यांचा चेहरा मी मागून बघू शकत नव्हते, पण मानेवरचा घाम बघितला. दाभोळ्यांनी कागद परत घेतला आणि स्वतःच सांगितलं, “यात लिहिलंय की या बाराही माणसांना मी दवाखान्यात जाऊन भेटलो आणि हा दवाखान्यातून घरी जायचा डिस्चार्जचा कागद आहे, असं सांगून त्यांच्या सह्या घेतल्या. खाली तुमची सही.”

कोर्टात कुजबुज झाली. कंपनीचे वकील उठून उभे राहिले, पण इंगवलेच ओरडले, “हे मी सांगितलेलं नाही! मी वाचलंच नाही हे! गठ्ठ्यात घातलंय कुणीतरी!”

“न वाचता सही केलीत?”

“दिवसाला तीस-चाळीस कागद असतात. विश्वासावर करतो माणूस! समोरचा सांगतो हे अमुक आहे, आपण सही करतो. न वाचता केलेल्या सहीला काय अर्थ?”

 न्यायाधीशांनी पेन थांबवलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, “शेवटचं वाक्य परत सांगा. मला तसंच्या तसं लिहून घ्यायचंय.”

इंगवल्यांना तेव्हा कळलं. पण तोंडातून गेलेलं परत येत नाही. कंपनीच्या वकिलांनी कपाळाला हात लावला. ते परत काहीतरी सावरायला गेले, “हे पत्र टाईप करणाऱ्या व्यक्तीला विचारायला हवं.”

“ती काय, मागं बसलीय!” इंगवले वळून माझ्याकडं बोट दाखवत म्हणाले.

मी फायली बाकावर ठेवल्या आणि पुढं गेले. शपथ घेतली.

“हे पत्र तुम्ही टाईप केलं?” कंपनीच्या वकिलांनी विचारलं.

“होय.”

“हा तिसरा परिच्छेद तुम्हाला कुणी सांगितला?”

“साहेबांनी.”

“खोटं!” इंगवले म्हणाले.

वकिलांनी त्यांना हातानं थांबवलं. “साहेबांनी सांगितला. बरं. कधी सांगितला? तारीख सांगा.”

“बारा ऑगस्ट एकोणीसशे अडुसष्ट. दुपारी चार वाजता. बेड नंबर अकराजवळ. म्हणाले, डिस्चार्जचा कागद आणलाय, सही करा, उद्या मोकळे. कागद वाचायला माझ्याच हातात दिला होता. मी आनंदा मिसाळांची मुलगी.”

मला वाटलं होतं, हे वाक्य उच्चारताना माझा आवाज कापेल. नाही कापला. आठ वर्षं घोटलं होतं मी ते.

न्यायाधीशांनी मला कडक शब्दांत सुनावलं. निकालातही लिहिलं की ते पत्र विचारात घेतलं नाही आणि टायपिस्टचं वागणं निंद्य आहे. मला त्याचं काही वाटलं नाही. पत्र बाजूला ठेवलं तरी इंगवल्यांचं वाक्य कागदावर राहिलं होतं, दवाखान्याची रजिस्टरं होती, आणि त्या आठ जणांनी एकामागून एक पिंजऱ्यात येऊन तेच सांगितलं. बाराही कागद रद्द झाले. ज्यांचे हातपाय चालत होते ते परत कामावर गेले, बाकीच्यांना आणि वारलेल्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली. मला कंपनीनं साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी काढलं. सहा महिन्यांनी, निकाल लागल्यावर, इंगवल्यांनाही काढलं. त्यांचं पेन्शनीचं वय व्हायला दोन वर्षं होती.

त्यांना काढल्याचं ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते. पेढे आणून देवापुढं ठेवले असते तर लोकांनी नावं ठेवली असती. मी साखरेची चिमूट तोंडात टाकली आणि सावकाश विरघळू दिली.

पण मला आणखी एक हवं होतं. म्हणून निकालाची नक्कल आणायला गेले त्या दिवशी ते कोर्टाच्या आवारात दिसल्यावर मी टाळलं नाही. ते लिंबाच्या झाडाखाली एकटेच उभे होते. शर्टाला इस्त्री नव्हती. मी जाऊन समोर उभी राहिले. माझ्या बापाचं नाव ऐकून हा माणूस कसा दिसतो, ते मला जवळून बघायचं होतं. कोर्टात त्यांची पाठ होती, नाहीतर गडबड होती.

“ओळखलंत ना आता?” मी म्हणाले.

“तुम्हाला कसा विसरेन?” ते थकल्या आवाजात म्हणाले. “तीन-चार वर्षं माझ्या हाताखाली होता.”

“मला नाही. माझ्या वडिलांना. आनंदा मिसाळ.”

ते विचार करायला लागले. खरोखर विचार करत होते, कपाळाला आठ्या घालून.

“भट्टीवर होते,” मी म्हणाले. “डावा पाय भाजला होता.”

“उंच होता का तो? झुपकेदार मिशांचा?”

“नाही.”

“मग नाही आठवत.” त्यांनी मान हलवली. त्यात उद्धटपणा नव्हता, बहाणाही नव्हता. “असे पुष्कळ होते हो बाई. कुणाकुणाचं लक्षात ठेवणार?”

मी तिथंच उभी राहिले आणि ते फाटकाकडं चालत गेले. त्यांची नोकरी गेली होती, नाव गेलं होतं, आणि तरी त्या क्षणी माझ्या हातातून काहीतरी काढून घेऊन ते निघाले होते. त्यांना शिक्षा झाली, पण ज्याच्यासाठी झाली तो माणूस त्यांना आठवतच नव्हता. माझा बाप त्यांच्या डोक्यात कधी नव्हताच. जो तिथं कधी नव्हता, त्याचा सूड तिथवर पोचणार कसा?

तशीच माहेरी आले. आप्पा सोप्यात पाय लांब करून बसले होते. भरपाई, निकाल, कुणाकुणाला काय मिळालं, हे त्यांना आधीच कळलं होतं. त्यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी नक्कल त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी न बघताच मांडीवर ठेवली.

“गाठ पडली का इंगवल्याची?”

“पडली.”

“काय म्हनला?” ते थोडे पुढं सरकले. “वळखलं का मला त्यानं?”

आई चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती.

“न ओळखून कसं चालेल?” मी म्हणाले. “तुमचं नाव काढलं आणि त्यांची मान खाली गेली, आप्पा. म्हणाले, आनंदा मिसाळ, बेड नंबर अकरा. त्या माणसाचं मी वाटोळं केलं, तेच आता मला भोगायला लागतंय.”

“आसं म्हनला?”

“असंच म्हणाले.”

आप्पांनी मोठा श्वास घेतला आणि आईकडं बघितलं. “ऐकलंस का गं?”

आप्पा आणखी अकरा वर्षं जगले. कुणी पाहुणा आला की म्हणायचे, “लीले, सांग की त्यास्नी, इंगवल्या काय म्हनला त्ये.” मी सांगायची. आणि दर वेळी सांगताना मी त्या माणसाची मान आणखी थोडी खाली वाकवत गेले.